ताशी एकतीस डॉलर

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५. टूवूंबा

नोकरी मिळाली. बावन्नाव्या वर्षी, परक्या देशात, कुणाचाही वशिला न लावता. विन्सेंटने मॅनेजरला माझं नाव सांगितलं हे खरं, पण नाव सांगणं म्हणजे वशिला नव्हे.

विन्सेंट वसईचा. इथून चाळीस मिनिटांवर, घाट उतरून खाली गेलं की गाजरांचं एक मोठं पॅकिंग शेड आहे, तिथे तो सुपरवायझर आहे. मला गाडी येत नाही आणि या गावात बस असून नसल्यासारखी, म्हणून येताजाता तोच नेणार. रोजचे दहा डॉलर पेट्रोलचे. मी वीस म्हणालो होतो. तो म्हणाला, "सर, आधी पगार तरी येऊ द्या."

ठाण्याला ज्युनिअर कॉलेजात चोवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. श्रम आणि मूल्य या विषयावर व्याख्यानमालांतून साठेक भाषणं केली. तीन वर्षांपूर्वी नीरजाला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही तिघं आलो. तेव्हापासून या देशाने माझा उपयोग करून घेतला नाही. तो दोष मी माझ्याकडे घेत नाही.

पण परवा नीरजा ओट्याला टेकून डावा खांदा चोळत उभी होती. म्हणाली, "मला एक रविवार घरी झोपायचंय." बस, एवढंच. तीन वर्षं दर शनिवारी आणि दर रविवारी ती ड्यूटीला जाते. पुढच्या सहा आठवड्यांचं ड्यूटीचं वेळापत्रक तिची मॅनेजर डोरीन चौदा तारखेला दुपारी बाराला बंद करते. त्याआधी सांगितलं तर सुट्टीचे वार बदलतात, नाही तर पुन्हा सहा आठवडे तेच.

म्हणून आज मी हिशेब मांडला. ताशी एकतीस डॉलर. सकाळी सात ते दुपारी साडेतीन म्हणजे साडेआठ तास. पाच दिवस. आठवड्याला तेराशे सतरा डॉलर पन्नास सेंट. ज्याला गुणाकार येतो त्याला यात शंका घ्यायला जागा नाही.

"डोरीनला कळवून टाक," मी नीरजाला म्हटलं. "शनिवार-रविवार बंद. कायमचे."

"हातात किती येतील?"

"तेराशे सतरा डॉलर पन्नास सेंट."

"हातात, गुरुदत्त."

"हातातच. पायात कशाला येतील?"

ती डबे आवरत राहिली. मग म्हणाली, "गाजरं रोज येतात का तिथे?"

इतक्या मूलभूत निर्णयाच्या वेळी बायकोला गाजरांची काळजी! मी विषय वाढवला नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

ठाण्याला धाकट्या भावाला, विनयला फोन केला. आकडा सांगताना रुपयांत सांगितला, कारण त्याला डॉलरची सवय नाही. इथला डॉलर सत्तावन्न रुपयांना, म्हणजे आठवड्याला पंचाहत्तर हजार सत्त्याण्णव रुपये. तो म्हणाला, "दादा, गाजरं निवडायचे?"

मी म्हटलं, "हाच तर प्रश्न आहे, विनय. आपल्या देशात हाताने काम करणाऱ्याला आपण काय देतो?" आणि पुढची वीस मिनिटं मी त्याला ते समजावून सांगितलं.

तासाभरात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिना तीन लाख असं पडलं. जेवणाच्या वेळेपर्यंत साडेतीन. विनयचा मुलगा इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाजरांच्या कामाला कुठली परीक्षा द्यावी लागते, असं त्याने मला विचारलं आहे. तरुण पिढीत श्रमाविषयी आस्था निर्माण होते ती अशी.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज फॉर्म भरले. सगळे फोनवरच. त्यात एक कराचा होता आणि त्यात एक प्रश्न होता, ज्यापाशी मी थांबलो.

इथे वर्षाच्या पहिल्या अठरा हजार दोनशे डॉलरच्या कमाईवर कर नाही. ती सूट तुम्हाला या नोकरीत हवी आहे का? हो किंवा नाही.

चिन्मयी शेजारीच बसून टोस्ट खात होती. सतरा वर्षांची आहे, दीड वर्ष शनिवारी एका केमिस्टच्या दुकानात काउंटरवर असते. "बाबा, टिक यस," ती म्हणाली.

"का?"

"एव्हरीवन टिक्स यस."

हे एक वाक्य माझा निर्णय पक्का करायला पुरेसं होतं. सगळे करतात म्हणून करायचं, हेच आपल्या सार्वजनिक अधोगतीचं मूळ आहे. ठाण्यात गॅसची सबसिडी मी स्वतःहून सोडली होती आणि त्यावर गावदेवी मैदानात जाहीर बोललोही होतो. टाळ्या पडल्या होत्या. ज्या देशाने मला आज काम दिलं, त्याच्याकडे मी पहिल्याच दिवशी हात पसरू? ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती सूट राहू दे.

हे सर्व मी चिन्मयीला उभं राहून सांगितलं.

"बाबा, इट्स नॉट चॅरिटी. इट्स जस्ट हाऊ दे डू द मॅथ्स."

"गणित मला शिकवू नकोस."

"ओके, नो वरीज," असं म्हणून ती बशी घेऊन आईकडे गेली. मी 'नाही'वर खूण केली.

बुधवार, ६ ऑगस्ट

पहिला दिवस. आत्ता लिहिताना बोटं नीट वळत नाहीत.

इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा. सकाळी सहाला निघालो तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं. शेडमध्ये गेल्यावर केसांना जाळी दिली. मग दाढीलाही जाळी दिली. मी विन्सेंटला विचारलं, यात बोलायचं कसं? तो म्हणाला, "सर, गाजरांशी बोलायचं नसतं."

काम असं: गाजरं धुऊन, ओली, पट्ट्यावरून येतात. एका क्षणात ओळखायचं आणि उचलायचं. तुटलेलं बाहेर. डोक्याशी हिरवं झालेलं बाहेर. दोन पायांचं बाहेर. दोन पायांचं गाजर चवीला तेच, रंगाला तेच. फक्त सरळ वाढलं नाही, म्हणून गुरांच्या चाऱ्यात! सरळपणाची एवढी सक्ती मी कुठल्याच समाजात पाहिलेली नाही. पहिला तासभर मी अशी बरीच गाजरं न्यायाच्या भावनेने जाऊ दिली. मग पट्टा थांबला आणि विन्सेंट आला.

माझ्या शेजारी शेरिल नावाची बाई असते. वय साठीचं. तिचे हात माझ्या डोळ्यांपेक्षा वेगाने चालतात. साडेनऊच्या चहाला तिने विचारलं, "यू राइट, लव?" मी म्हटलं, उत्तम. मग तिने माझे हातमोजे उलटे करून पाणी ओतून टाकलं आणि मला दाखवलं की आत कोरडे मोजे आधी घालायचे असतात.

साडेबाराला जेवायची अर्धा तास सुट्टी. मालकाच्या खर्चाने जेवताना मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण हा कामगारांनी लढून मिळवलेला हक्क आहे.

घरी आलो तर नीरजा ड्यूटीहून नुकतीच आली होती. माझे हात पाहिले आणि कोमट पाण्यात ठेवले. मी म्हटलं, "आज दोनशे त्रेसष्ट डॉलर पन्नास सेंट कमावले." ती म्हणाली, "बोटं हलव. एकेक."

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज एक ऐतिहासिक प्रसंग घडला.

पावणेअकराला पट्ट्याची मोटर जळाली. पट्टा थांबला. आम्ही अकरा जण जेवणाच्या खोलीत बसलो. सगळे हवालदिल. मला ही संधी वाटली. एक रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर उभा राहिलो, दाढीची जाळी काढली आणि इंग्रजीतून बोललो. यंत्र थांबलं तरी माणसाची किंमत थांबत नाही, हा विषय. तीन वर्षांत पहिल्यांदा समोर श्रोते होते. आवाज लागला होता.

दहाएक मिनिटांनी विन्सेंटने दारातून हाक दिली, "मोटर उद्याच येणार. गो होम, गाइज. बंडी ऑफ." बंडी म्हणजे हजेरीचं यंत्र, त्यावर बोट लावलं की तास मोजणं सुरू, पुन्हा लावलं की बंद. सगळे उठले आणि माझ्या वाक्याच्या मध्येच निघून गेले. चेहरे गंभीर होते. बीज पडलं आहे.

शेरिल जाताना म्हणाली, "लव्हली व्हॉइस, डार्ल." आणि तिने माझंही बोट त्या यंत्रावर लावून घेतलं. लोभी नाही, पण सांगतो, साडेतीनपर्यंत मी तिथेच होतो. विन्सेंटची सुट्टी झाल्याशिवाय घरी येणार कसा? म्हणजे दिवस पूर्ण भरला. जागेवर हजर असलेला कामगार हा कामावरच असतो.

घरी सांगितल्यावर नीरजाने एकच विचारलं. "बंडी किती वाजता केलंस?"

"अकरा वाजले असतील. का?"

"काही नाही."

रविवार, १० ऑगस्ट

नीरजा पहाटे साडेपाचला गेली. खांद्याला पट्टा लावून.

मी दिवसभर घरी होतो. रविवारी माणसाला राबवणं ही आधुनिक गुलामी आहे, यावर चार पानं टिपणं काढली. इथल्या मराठी मंडळात कधीतरी बोलायला उपयोगी पडतील. चिन्मयीला वाचून दाखवणार होतो, पण ती कपडे वाळत घालत होती आणि मग भात लावत होती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

येताना गाडीत विन्सेंटने मला हळूच विचारलं, "सर, गुरुवारी किती येतील म्हणता?"

मी आकडा सांगितला. त्याने समोरच्या ट्रकला आधी पुढे जाऊ दिलं.

"तुम्ही बुधवारी लागलात ना? आपला आठवडा सोमवार ते रविवार. गुरुवारी येणार तो गेल्या आठवड्याचा. तीनच दिवस झाले तुमचे."

"मग सोमवार-मंगळवारचं काय?"

"तेव्हा तुम्ही घरी होता, सर."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. घरी येऊन आकडा दुरुस्त केला. साडेआठ गुणिले तीन, गुणिले एकतीस. सातशे नव्वद डॉलर पन्नास सेंट. नीरजाला सांगितलं आणि वर बजावलं की हा तात्पुरता आकडा आहे, तत्त्व तेच आहे, डोरीनला बिनधास्त कळव.

"बरं," ती म्हणाली.

इतकं सहज 'बरं' म्हणते ती, की कधीकधी मला वाटतं, माझ्या बोलण्याचं वजन या घरात कुणाला कळत असेल तर तिलाच.

गुरुवार, १४ ऑगस्ट

चारशे अठ्ठ्याऐंशी.

साडेनऊच्या चहाला फोनवर पावती आली. वर सहाशे वीस, खाली चारशे अठ्ठ्याऐंशी. मी तीनदा वाचली. मग थेट विन्सेंटच्या केबिनमध्ये गेलो. वाटेत भाषण तयार झालं होतं. शोषण, परप्रांतीय, गप्प बसणार नाही वगैरे.

विन्सेंटने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातातला फोन घेतला.

"तास वीस. बुधवारी आठ, गुरुवारी आठ, शुक्रवारी चार."

"साडेआठ, साडेआठ आणि साडेआठ!"

"जेवणाच्या अर्ध्या तासाचे पैसे नसतात, सर. शुक्रवारी अकराला बंडी ऑफ झालं."

"पण मी इथेच होतो!"

"हो. मी पाहिलं. तुम्ही क्रेटवर होता." त्याने बोट खाली सरकवलं. "आता हा कर. एकशे बत्तीस? एवढा का? फॉर्ममध्ये ती सूट घेतली नाही का तुम्ही?"

"नाही."

"का?"

"तत्त्व म्हणून."

तो खुर्चीत मागे रेलला. "सर, आमचे पप्पा वसईत भाजी पिकवायचे. म्हणायचे, तत्त्व पाळावं, पण आधी काटा तपासावा. यातले ऐंशीएक डॉलर जास्तीचे गेले. दर आठवड्याला जातील. पुढच्या जुलैत रिटर्न भराल तेव्हा मिळतील परत. तोपर्यंत सरकारला बिनव्याजी वापरायला."

"म्हणजे ती सूट गरिबांसाठी नाही?"

"सगळ्यांसाठी आहे. मलापण आहे. मालकालापण आहे."

मी विचारलं, आणि हे सुपर म्हणून चौऱ्याहत्तर डॉलर चाळीस सेंट काय कापलेत? तो म्हणाला, ते कापलेले नाहीत, ते मालक वरून भरतो, तुमच्या म्हातारपणासाठी. साठीला मिळतील. या देशात जे माझं आहे ते जुलैत मिळणार, नाही तर साठीला.

पट्ट्यावर परत गेलो. बारा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. डोरीनचं वेळापत्रक बंद झालं. माझ्या शब्दावर विसंबून नीरजाने दोन्ही वार सोडले असणार. पट्ट्यावरून काय गेलं मला माहीत नाही. शेरिलने माझ्या बाजूचंही निवडलं.

घरी जाईपर्यंत चाळीस मिनिटं मी विन्सेंटशी काहीच बोललो नाही. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ लावला.

नीरजा चहा करत होती. मी बसलो आणि सुरुवात केली की कर ही कल्पना मुळात कशी जन्माला आली हे समजून घेतल्याशिवाय…

"किती?" ती म्हणाली.

"चारशे अठ्ठ्याऐंशी."

"बरे आले की. मी साडेचारशे धरले होते."

मला कळेना. ती म्हणाली, बुधवारी लागलास, म्हणजे तीन दिवस. जेवणाची सुट्टी बिनपगारी. शुक्रवारी बंडी अकराला. फॉर्ममध्ये 'नाही' केलंस हे चिन्मयीने त्याच सकाळी सांगितलं. "आणि थोडे पेट्रोलचे सोडून दिले."

"तुला सगळं माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतास."

मी विचारलं, डोरीनला काय कळवलंस? सोमवारीच कळवलं, म्हणाली. रविवार सोडले. शनिवार ठेवले.

"दोन्ही का नाही? मी सांगितलं होतं ना, दोन्ही?"

तिने चहा गाळला. "शनिवारी दीडपट देतात, रविवारी पावणेदोनपट. आपलं घरभाडं त्या वरच्या पैशांतून जातं, गुरुदत्त. तुझ्याकडे गाजरं कधी येतील, कधी नाही. दोन्ही नाही सोडता येत."

पावणेदोनपट. तीन वर्षं. आणि माझी ती चार पानं टेबलावर, तिच्या पर्सखालीच पडलेली होती.

"हे मला आधी कधी बोलली नाहीस."

"पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालास, पैशाने रविवार विकत घेता येत नाही. मी म्हटलं, येतो. मग तू तासभर…" ती हसली. "जाऊ दे. चहा घे."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

चिन्मयीने नवा फॉर्म फोनवर उघडून समोर धरला. आज पंधरा ऑगस्ट. आजच्या दिवशी मी परक्या सरकारकडून सूट स्वीकारावी, यातला इतिहासाचा क्रूर विनोद मी तिच्या लक्षात आणून देत होतो.

"बाबा. टिक."

केली.

विनयचा मेसेज होता, पहिला पगार झाला का म्हणून. सगळा ग्रुप वाट पाहतो आहे. त्याला लिहिलं की इथे पगार खाजगी मानतात. आणि पोराला सांग, इंजिनीयरिंग पुरं कर.

रविवार, १७ ऑगस्ट

आज नीरजाचा पहिला रविवार.

रात्री झोपताना ती म्हणाली होती, उठवू नकोस. मी सवयीने सहाला उठलो. चिन्मयीला खुणेने सांगितलं, तीही चवड्यांवर चालत होती. मिक्सर लावला नाही. केटलसुद्धा शिट्टी मारण्याआधीच बंद केली.

सव्वासहाला ओट्यावर चार्जिंगला लावलेला नीरजाचा फोन थरथरायला लागला. डोरीन. मी तो घेऊन मागच्या अंगणात गेलो. दार ओढून घेतलं.

डोरीन फार गोड बोलते. दोन जणी आजारी पडल्यात, वॉर्डला माणसं कमी आहेत, नीरजा येऊ शकेल का, आणि अर्थातच आजचे पैसे ओव्हरटाइमने मिळतील, दुप्पट. रोजची नीरजा असती तर एव्हाना बूट घालत असती. दुप्पट म्हणजे किती ते माझ्या डोक्यात आपोआप होऊन गेलं. माझ्या पहिल्या पगाराहून जास्त. एका दिवसाचे. गवत गोठलेलं होतं आणि मी अनवाणी होतो.

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. रविवार, कामगार, तीन वर्षं, तो खांदा. चार पानं तर लिहूनच काढलेली होती.

"सॉरी. शी इज स्लीपिंग," मी म्हटलं.

डोरीन म्हणाली, "गुड ऑन हर," आणि तिने फोन ठेवला.

नीरजा दहा चाळीसला उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. ओट्यापाशी येऊन तिने फोन पाहिला.

"डोरीनचा फोन होता?"

"हो."

"काय म्हणालास तिला?"

"झोपली आहे म्हटलं."

"आणि?"

"इतकंच."

"पुढे काहीच नाही?"

"नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.